पुढच्या चाकातून टकटक, एक्सल घरी बदलायचा विचार आहे. काय काय सांभाळावं?

बेसा_चौक (धागालेखक)

नमस्कार मंडळी. माझी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, लाखाच्या वर पळालेली. हल्ली पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की पुढून टक टक टक आवाज येऊन राहिला. सरळ चालवताना काही नाही. शिवाय लेआऊटमधल्या ब्रेकरवरून गेलं की एक वेगळाच खडखड. एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर त्यांनी गाडी लिफ्टवर चढवायच्या आधीच दोन्ही एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ताकद नेणारी दांडी), दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअप असं सगळं लिहून कागद हातात दिला. आकडा पाहून मी म्हटलं विचार करून सांगतो.

हातानं काम करायची आवड आहे. ब्रेक पॅड, ऑइल, कूलंट घरीच करतो. एक्सल नि सस्पेन्शन मात्र कधी उघडलं नाही. बिल्डिंगच्या खाली पार्किंग आहे, पेव्हर ब्लॉकचं, थोडा उतार. सामानात गाडीसोबतचा जॅक, गोटी पान्यांचा सेट आणि एक मोठा पाइप. जमेल का? आणि यात जिवावर बेतेल असं काय काय आहे ते आधी सांगा, स्वस्तात कसं होईल ते नंतर.

तर्री_जास्त

"गाडीसोबतचा जॅक" इथंच थांबलो भाऊ. हा धागा आधी वहिनीले वाचायले द्या.

पाना_बारा_तेरा

तर्रीभाऊची चेष्टा सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. तो जॅक पंक्चर झालं तर स्टेपनी लावण्यापुरता असतो. त्याच्यावर गाडी आणि खाली माणूस, हे नाहीच. ट्रॉली जॅक आणला तरी तेच, कारण आतलं सील गेलं की तो खाली बसतो आणि बसायच्या आधी सांगत नाही. जॅक उचलायला, धरून ठेवायला घोडी, म्हणजे जॅक स्टँड. तीन टनाची जोडी घ्या, तुमची गाडी टनाच्या आसपासच असेल पण घोडीत कंजुषी नको.

जागाही बदला. उतार चालत नाही. पेव्हर ब्लॉकचं दुखणं असं की घोडीचे चार पाय चार वेगळ्या ब्लॉकवर येतात आणि एखादा ब्लॉक खालून पोकळ असतो. खाली जाड प्लायवूड टाका. डांबरी रस्त्यावर करणार असाल तर मे महिन्यात आपल्याकडचं डांबर काय होते ते सांगायची गरज नाही, पाय रुततात. मागच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, पहिला गिअर. गाडी घोडीवर बसली की काम सुरू करायच्या आधी तिला बाजूनं जोरात हलवून पाहा. हलायची असेल तर तेव्हा हलू दे, तुम्ही बाहेर असताना. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, जॅकही किंचित टेकवून ठेवा. हे तिन्ही असलं तरच खाली डोकं घाला.

संत्रा_बर्फी

आवाजावरून आधी निदान करा हो, पार्ट नंतर. वळताना टकटक म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, एक्सलचा चाकाकडचा वळणारा सांधा. त्यात सहा गोळ्या असतात, त्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटला की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, आणि गोळ्यांच्या वाटा खड्डे पडून खराब. चाकाच्या आतल्या बाजूला, शॉकअपवर काळे ग्रीसचे शिंतोडे दिसतात का पाहा. दिसले तर झालं निदान.

ॲक्सिलरेटर दाबल्यावरच गाडी थरथरत असेल आणि पाय काढला की थांबत असेल तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट.

डिझेलभाऊ

डावीकडे वळताना आवाज म्हणजे डावाच एक्सल. सरळ गोष्ट.

संत्रा_बर्फी

@डिझेलभाऊ नाही हो. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर जाते, म्हणून बहुतेक वेळा उजवा बाहेरचा जॉइंट बोलतो.

डिझेलभाऊ

माझ्या गाडीत उलटं होतं. डावीकडे वळताना वाजायचं आणि डावाच निघाला.

पाना_बारा_तेरा

भांडू नका, दोन्ही होते. अंदाज म्हणून विरुद्ध बाजू धरा, पण पार्ट घ्यायच्या आधी बूट डोळ्यानं पाहा. चाक पूर्ण वळवून टॉर्च मारली की बाहेरचा बूट दिसतो, गाडी उचलायचीही गरज नाही. घडीच्या खाचेत बोट फिरवा, चीर तिथंच असते, वरून बूट ठणठणीत दिसतो.

काटोल_रोडची_काकू

मी गाडी फक्त चालवते, उघडत नाही, पण प्रश्न विचारते. ब्रेकरवरचा खडखड एक्सलचाच का?

संत्रा_बर्फी

नाही काकू, ते वेगळं प्रकरण. ब्रेकरवर, खराब सिमेंट रोडच्या जॉइंटवर खडखड वाजते ते बहुतेक लिंक रॉड (सस्पेन्शनला मधल्या बारशी जोडणारी छोटी दांडी), नाहीतर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश किंवा बॉल जॉइंट. धागालेखकाच्या गाडीत दोन वेगळे आजार दिसून राहिले. म्हणून तर वर्कशॉपवाल्यानं सगळंच लिहून दिलं, शोधायचा त्रास नको.

तपासायचं असं. पुढचं एक चाक उचला, घोडी लावा. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर, हलवा. ढिलं वाटलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. तीन आणि नऊवर धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर टायरॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचा, एंड. दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन जॉइंटकडे बघायला सांगा, हलतं कुठून ते डोळ्याला दिसते. ब्रेक दाबूनही बारा-सहाचा ढिलेपणा तसाच राहिला तर बेअरिंगवरचा संशय कमी होतो, बॉल जॉइंटवर वाढतो. बॉल जॉइंट ढिला असेल तर मात्र गाडी चालवत वर्कशॉपलाही नेऊ नका, तो निसटला की चाक आडवं पडते.

मानकापूर_मेकॅनिकल

मी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. गाडीचं काम हौस म्हणून करते. एक्सल नटावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, सगळ्यात जास्त गडबड तिथंच होते.

एक्सलचा मधला नट चाक जमिनीवर असताना ढिला करायचा. मधलं झाकण काढा, नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असते ती बारक्या छन्नीनं उघडा, आत कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा आणि मग पाना लावा. काही गाड्यांत नट फक्त चाक काढल्यावरच दिसतो, तिथं चाक काढून डिस्कच्या फटीत जाड स्क्रूड्रायव्हर अडकवतात. घोडीवर चढवलेल्या गाडीत पाइप लावून पूर्ण ताकदीनं ओढायचं नाही. नट सुटला की तुम्ही मागे आणि गाडी तुमच्या अंगावर.

दुसरं, नट ढिला झाला की गाडी एक फूटही पुढे-मागे ढकलायची नाही. बऱ्याच गाड्यांत हबच्या (चाक ज्यावर बसते तो भाग) बेअरिंगचे दोन भाग त्या नटाच्या दाबानंच एकत्र धरलेले असतात. एक्सल काढून "जरा बाजूला लावतो" म्हणून ढकललेल्या गाडीचं बेअरिंग महिन्याभरात घूं घूं करते.

बसवताना नवा नट. जुना परत वापरू नका, शेपन्नास रुपयांसाठी काहून जीव धोक्यात. आणि टॉर्क पाना लागतोच. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कोणाच्या तोंडचा घेऊ नका, माझाही नाही. अंदाज यावा म्हणून सांगते, 200 न्यूटन मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण 40 किलोचा जोर. शेवटचा टाइट हवेच्या गननं नाही, हातानं, चाक जमिनीवर टेकवून.

गड्डी_गोदाम_गुरू

टॉर्क पाना वगैरे ठीक आहे मॅडम. आमचे उस्ताद आयुष्यभर पाइपवर उभं राहून नट टाइट करतात, एकही गाडी परत आली नाही.

मानकापूर_मेकॅनिकल

परत आली नाही की परत तुमच्याकडे आली नाही?

तर्री_जास्त

🔥 पोहे आणा रे कोणीतरी, बसून वाचतो.

गड्डी_गोदाम_गुरू

हाव, हाव, हसा. पण उस्तादाच्या हाताला अंदाज असते, नवशिक्याच्या हाताला नसते. त्यामुळे नवशिक्यानं पाना घ्यावा हे मान्य. मी सांगतो ते काढायचं तंत्र लिहून घ्या.

ब्रेकचा कॅलिपर काढला तर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं स्प्रिंगला बांधा. एबीएसची वायर असेल तर आधी क्लिपमधून सोडा, नाहीतर नकल (हब धरणारा लोखंडी भाग) बाहेर ओढला की वायर तुटते आणि मग डॅशबोर्डवर दिवा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडला की नकल बाहेर येतो आणि एक्सल हबमधून निघतो. अडकला असेल तर त्याच्या आट्यांवर हातोडा घालायचा नाही, जुना नट टोकाबरोबर लावून मध्ये लाकूड धरून ठोका. डोळ्याला चष्मा पाहिजेच. लोखंडावर लोखंड मारलं की कपची उडते, एका पोट्ट्याच्या डोळ्यातून काढताना पाहिली आहे मी.

आतली बाजू गिअरबॉक्समधून काढताना एक्सलची दांडी धरून ओढायची नाही. ओढली की आतला जॉइंट त्याच्या कपातून निघतो, रोलर निसटतात, आणि कप गिअरबॉक्समध्येच राहतो. कपाच्या मागे पहार घालून झटका द्यायचा, आतलं सर्क्लिप (अडकवणारी कडी) सोडते. ऑइल सीलला पहार लागू द्यायची नाही. आणि खाली परात ठेवा, गिअर ऑइल येते. नंतर जेवढं गेलं तेवढं भरून लेव्हल बघा, इथंच लोक विसरतात आणि पुढं गिअरबॉक्स ओरडते.

पाना_बारा_तेरा

गुरूंना +1. बॉल जॉइंट सोडवण्याबद्दल थोडी भर. ज्या गाड्यांत क्लॅम्पचा बोल्ट असतो तिथं बोल्ट पूर्ण काढून फट किंचित उघडली की काम होते. जिथं निमुळती पिन नटानं ओढलेली असते, तिथं नट पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू द्या. पिन सुटते ती धाडकन सुटते, आणि आर्म खाली झटका मारतो. नट असला की तिथंच अडकतो. पुलर मिळाला तर उत्तम, दोन दात्यांची फोर्क ठोकली तर जॉइंटचं रबर हमखास फाटते, पार्ट फेकायचा असेल तरच ती वापरा. स्प्लिट पिन काढली तर नवीन टाका.

एचबी_टाऊन

सगळे मुद्दे छान. पण धागालेखकानं वर शॉकअपही लिहिलं आहे म्हणून ओरडून सांगतो: स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअपच्या, वरचा मधला नट घरी उघडायचा नाही. गाडीला जोडणारे बाजूचे तीन नट वेगळे, मधला वेगळा. मधल्या नटानं दाबलेली स्प्रिंग धरलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग सुटते, आणि तेव्हा तोंड वर असलेल्या माणसाचं काय होते ते लिहीत नाही. आख्खा स्ट्रट काढून हातात घ्या, चांगला कॉम्प्रेसर असलेल्या दुकानात न्या, त्यांना करू द्या. ऑनलाइन मिळणारे दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर घसरतात.

रिटायर्ड_पद्मिनी

आमच्या काळी एवढं झंझट नव्हतं. पद्मिनी असो की ॲम्बेसेडर, ताकद मागच्या चाकाला, पुढच्या चाकात हा सीव्ही जॉइंट नावाचा प्रकारच नव्हता. चाक ज्यावर वळते त्या किंग पिनला ग्रीस गननं ग्रीस मारायचं, झालं. 1983 ला मारुती 800 आली तेव्हा पुढची चाकं गाडी ओढतात हे ऐकून आमचा जुना मिस्त्री म्हणाला होता की हे टिकणार नाही.

डिझेलभाऊ

काका, ग्रीस नाही मारलं तर किंग पिन किती दिवस टिकायच्या?

रिटायर्ड_पद्मिनी

ते विचारू नकोस. 😄

रविनगर_रायडर

अवांतर: सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलावाचं पाणी आलं तेव्हा माझी गाडी अर्ध्या दारापर्यंत बुडाली होती. इंजिन, सीट, वायरिंग सगळं पाहिलं, चाकांकडे कोणी पाहिलंच नाही. नंतर समृद्धी महामार्गावर शंभरच्या वर गेलं की विमानासारखा आवाज. मी एक्सल समजत होतो, निघालं पुढच्या हबचं बेअरिंग. ज्यांच्या गाड्या त्या पाण्यात होत्या त्यांनी बूट, बेअरिंग, टायरॉडची रबरं एकदा पाहून घ्या.

संत्रा_बर्फी

@रविनगर_रायडर बेअरिंगची खूण अशी की स्पीडबरोबर आवाज वाढतो, आणि लांब वळणावर एका बाजूला वजन गेलं की वाढतो, दुसरीकडे कमी होतो. टायर उंचसखल घासले असतील तरी तसाच घूं आवाज येतो, पण तो वळणावर फारसा बदलत नाही. टायर पुढचे मागे करून पाहायचं, फुकटात कळते.

खामला_खटपट

एक्सल नवा घ्यायचा की नुसता बूट बदलायचा? आमच्याकडच्या दुकानदारानं सांगितलं बूट किट टाका, स्वस्तात होते.

मानकापूर_मेकॅनिकल

टकटक सुरू झालेली नसेल आणि बूट नुकताच फाटला असेल तर बूट किट. जॉइंट पूर्ण उघडून, धुऊन, वाळवून, किटसोबत येणारं काळं मॉलिब्डेनमवालं ग्रीस सगळं भरायचं. घरातलं पिवळं बेअरिंग ग्रीस त्यात मिसळू नका. गोळ्या काढताना कोणती कोणत्या खाचेत होती ती मार्करनं खूण करा, त्याच जागी परत. पट्टी खास पक्कडीनं आवळायची, केबल टाय लावून भागवलेलं पहिल्याच उन्हाळ्यात सुटते. आणि टकटक आधीच सुरू असेल तर बूट किट म्हणजे पैसे नि दिवस दोन्ही वाया, आतल्या वाटा गेलेल्या आहेत. पूर्ण एक्सल घ्या.

काटोल_रोडची_काकू

आमच्या ह्यांनी हे वाचलं, आता ते रविवारी घोडी आणायला निघाले. तुम्हा सगळ्यांचे आभार की नाही ते ठरवते.

तर्री_जास्त

काकू, काकांना एकटं काम करू देऊ नका एवढंच. गाडीखाली कोणी असेल तर एक माणूस बाहेर पाहिजेच, फोन हातात घेऊन.

बेसा_चौक (धागालेखक)

सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा. रविवारी मित्राकडे गेलो, त्याच्याकडे सपाट सिमेंटचं अंगण आहे. त्याचा ट्रॉली जॅक, घोड्या मी आणल्या. फक्त तपासलं, काही उघडलं नाही.

उजव्या बाहेरच्या बुटाला घडीत आडवी चीर, चाकाच्या आत सगळं काळं. डाव्या बाजूचे दोन्ही बूट सुके, चांगले. बारा-सहा धरून काहीही ढिलं नाही, तीन-नऊलाही नाही. लोअर आर्मचे बुश पहारीनं हलवले, बारीक चिरा आहेत पण रबर धरून आहे. लिंक रॉड मात्र दोन्ही हातानं खुळखुळतात. म्हणजे कागदावरच्या सगळ्या यादीतून एक एक्सल आणि दोन लिंक रॉड.

लिंक रॉड मी स्वतः करणार. एक्सल ओळखीच्या मेकॅनिककडे, पण नवा नट, स्प्लिट पिन आणि गिअर ऑइल मी नेणार आणि टॉर्क पाना घेऊन शेजारी उभा राहणार. त्याला सांगून झालं आहे, तो थोडा रागावला, मग हसला.

लिंक रॉडचा एक प्रश्न: नट फिरवला की आतली पिनही सोबत फिरते. काय करू?

गड्डी_गोदाम_गुरू

पिनच्या टोकाला ॲलन कीचं छिद्र असते, तिथं की धरायची आणि रिंग पान्यानं नट फिरवायचा. छिद्र गंजून गोल झालं असेल तर मागच्या चपट्या बाजूला पातळ पाना लावा. आधी रात्री गंज सोडायचं तेल मारून ठेवा.

पाना_बारा_तेरा

आणि दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी उचला, एकच नाही. एक बाजू खाली आणि एक वर असली की दोन्ही बाजूंचे लिंक रॉड जोडणारा मधला बार पीळ खाऊन बसतो, बोल्ट सुटताना रॉड उडतो आणि नवा बसवताना भोकं जुळत नाहीत. नव्याचा नटही टॉर्क पान्यानंच.

एचबी_टाऊन

पुढं कधी लोअर आर्म बदलला तर बुशचे बोल्ट गाडी लटकती असताना पक्के करू नका. हातानं लावून, गाडी चाकांवर उतरवून मगच शेवटचा टाइट. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

खामला_खटपट

अलाइनमेंट करावी लागेल का लिंक रॉड आणि एक्सलनंतर?

संत्रा_बर्फी

नुसत्या लिंक रॉडसाठी नाही. एक्सल काढताना टायरॉड किंवा स्ट्रटचे नकलचे बोल्ट सोडले तर हो. मेकॅनिकला विचारा काय काय सोडलं. टायरॉडचा एंड बदलला तर मोजून तेवढ्याच आट्या परत लावल्या तरी अलाइनमेंट पाहिजेच, आट्या मोजणं फक्त दुकानापर्यंत गाडी सरळ नेण्यापुरतं.

बेसा_चौक (धागालेखक)

एक्सल झाला. मेकॅनिकनं स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सोडले होते, त्यामुळे उद्या अलाइनमेंट. जुन्या एक्सलचा जॉइंट त्यानं मला उघडून दाखवला, एका खाचेत गोळीनं नखाएवढा खड्डा पाडला होता. लिंक रॉड शनिवारी. उजवीकडचा नट छिद्रासकट गंजला आहे, तेल मारून ठेवलं.

गड्डी_गोदाम_गुरू

नाही सुटला तर कापून टाक, लिंक रॉड तर नवाच टाकायचा आहे. ग्राइंडरच्या ठिणग्या ब्रेक होजवर आणि एबीएसच्या वायरवर जाऊ देऊ नको, मध्ये ओलं कापड धर. चष्मा विसरू नको बे.